तलाव गावाचा, कागद सरकारचा



डोंगराळ प्रदेशाचे अर्थकारण म्हटले की डोळ्यांपुढे हिमाचल, उत्तराखंड किंवा ईशान्येकडील राज्ये उभी राहतात. सफरचंदाच्या बागा, बर्फाच्छादित शिखरे, जलविद्युत प्रकल्प आणि दिल्लीहून येणारे अनुदान, असे ते चित्र असते. महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांच्या सीमांना खेटून असलेला गोंदिया जिल्हा त्या चित्रात कोठेच नसतो. वास्तविक सालेकसा तालुक्यात दरेकसाच्या डोंगरापर्यंत मैकल रांगेचे फाटे उतरलेले आहेत, देवरीच्या पूर्वेला घनदाट अरण्य आहे, आणि जिल्ह्याच्या पोटात नवेगाव-नागझिऱ्याच्या टेकड्या पसरलेल्या आहेत. शेती टेकड्यांच्या पायथ्याशी आणि मधल्या खोलगट भागात. उरलेली उपजीविका जंगलात. म्हणजे अर्थकारणाचा साचा डोंगराळ राज्याचाच. फरक इतकाच की, हे राज्य नाही, एका मोठ्या आणि पुढारलेल्या राज्याचा कोपरा आहे.

हा फरक किरकोळ नाही. १९६९ मध्ये डॉ. धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र ठरले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याच वेळी आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांना वेगळे काढून विशेष साहाय्य देण्याचे ठरले. पुढे हिमाचलसह आणखी राज्ये त्या यादीत आली. दुर्गम डोंगराळ भूभाग, विरळ किंवा मोठ्या प्रमाणावर वनवासी लोकसंख्या, मागासलेल्या सोयी, सीमावर्ती स्थान हे त्याचे निकष. या राज्यांना मिळणाऱ्या योजना-साहाय्यात ९० टक्के अनुदान आणि केवळ १० टक्के कर्ज असे. चौदाव्या वित्त आयोगानंतर, म्हणजे २०१५ पासून, ही विभागणी मागे पडली. परंतु साडेचार दशके तिने त्या राज्यांना उभे राहण्यास हात दिला. ज्या मराठी अर्थशास्त्रज्ञाच्या बालपणाचा आणि शिक्षणाचा काही काळ नागपुरात गेला, त्याच्या सूत्राचा लाभ नागपूरपासून रेल्वेने अडीच-तीन तासांवर असलेल्या या डोंगराळ मुलखाला मिळू शकला नाही, कारण सूत्र राज्यांसाठी होते, जिल्ह्यांसाठी नव्हते. यात कोणाचा दोष नाही. मात्र एक गोष्ट निश्चित झाली : गोंदियाला जे काही मिळवायचे ते स्वतःच्या डोंगरातून, पाण्यातून आणि माणसांच्या एकजुटीतून मिळवायचे आहे.

आणि ते या मुलखाने एकदा मिळवले होते. ती हकीकत तलावांची आहे.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात धौलाधारच्या पायथ्याशी 'कूल' नावाचे पाट आहेत. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांना बांध घालून ते पाणी मैलोन् मैल उतारावरून वळवत भाताच्या शेतांत आणायचे, अशी ती व्यवस्था. काही कुली राजेराण्यांनी खोदविल्या, काही गावांनी. वर्षाच्या आरंभी गावकऱ्यांना गोळा करून पाट साफ करून घेणे, पाण्याच्या पाळ्या ठरविणे, भांडण मिटविणे हे काम करणाऱ्या माणसाला तेथे 'कोहली' म्हणतात. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाने हा शब्द ऐकला तर तो चमकल्याशिवाय राहणार नाही. कारण येथील तलाव ज्यांनी बांधले त्या समाजाचे नावच 'कोहळी'. दोन शब्दांचा काही संबंध आहे की हा निव्वळ योगायोग, या वादात शिरण्याचे कारण नाही. दोन्हीकडे डोंगर, दोन्हीकडे भात, आणि दोन्हीकडे पाणी सांभाळणाऱ्याला समाजात मान होता, एवढे साम्य पुरेसे आहे.

कोहळी समाजाविषयी परंपरा अशी सांगते की, चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडील प्रदेशातून येथे आणले. तलाव बांधण्याचे आणि ऊस पिकविण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. राजाचा संकेतही प्रसिद्ध आहे : जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. या एका वाक्यात केवढे अर्थशास्त्र सामावले आहे पाहा. राजाने खजिन्यातून पैसा दिला नाही, अभियंता नेमला नाही. ज्याच्या अंगी कौशल्य आहे त्याच्या कष्टाला त्याच कष्टाच्या फळाशी बांधून टाकले. तलाव फुटला तर बांधणाऱ्याचीच शेती सुकणार. साहजिकच पाळ मजबूत होत असे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा मानते. टेकड्यांच्या मधल्या खिंडी मातीच्या बांधाने बुजवून सुमारे ११ चौरस किलोमीटरचा पाणीसाठा उभा करणारा हा पुरुष कोणत्या विद्यापीठात शिकला होता? मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच नवेगावच्या परिसरात राहिले, आणि त्यांच्या लेखनामुळे हा तलाव, त्यावरचे पक्षी आणि तेथील माणसे साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली. पक्षी महाराष्ट्राच्या ध्यानात राहिले; पाळ बांधणारी माणसे मात्र तितकीशी राहिली नाहीत.

येथे एक शंका कोणीही घेईल. या जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूर-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला हा आकडा स्वर्गातला वाटेल. मग तलाव हवे कशाला? याचे उत्तर धानाच्या पिकात आहे. मृगात पऱ्हे टाकावेत, आषाढ-श्रावणात रोवणी व्हावी, भाद्रपदात बांधी तुडुंब भरलेली असावी, येथवर पावसाची साथ असते. भारी धान मात्र आश्विनात पोटरीत येते आणि निसवते. नेमका त्या वेळी पाऊस परततो. हस्ताने पाठ फिरविली आणि पंधरवडाभर बांधी कोरडी पडली तर लोंबी पोचट राहते. चार महिन्यांचे कष्ट गवताच्या भावाने जातात. तलाव हा त्या पंधरा दिवसांचा विमा होता. उन्हाळी पिकासाठी किंवा बारमाही ओलितासाठी तो बांधलेलाच नव्हता. जुन्या लोकांचे गणित इतके काटेकोर होते की, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, खालच्याचा बोडीत, बोडीचा नाल्यात, अशी पाण्याची उतरंड लावलेली असे. एक थेंब पुढच्या गावाला न विचारता निघून जात नसे.

धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर लाखोळी, जवस, हरभरा येई. तलावाचे पाणी ओसरत जाई तसतशी कडेच्या ओलसर जमिनीवर गुरांना चारा मिळे. मासे ढिवर समाजाचे. शिंगाडा, कमळकाकडी आणि देवकांडर ही गोरगरिबांच्या ताटातली भर. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ शेतात जाई, आणि तोच त्या शेताचा खतपुरवठा. म्हणजे एका तलावावर शेतकरी, ढिवर, गुराखी, कुंभार असे सारे गाव उभे असे, आणि प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. शेताला पाणी घेणाऱ्याने पाळीवर माती टाकायची, हा त्यातला अलिखित करार.

आता या तलावांच्या नावाची गंमत पाहा. शासकीय कागदांत ते 'माजी मालगुजारी तलाव' म्हणून नोंदलेले आहेत. त्याचे संक्षिप्त रूप 'मामा तलाव'. नव्या पिढीला वाटते, कोणा मामाने बांधले असावेत. परंतु मालगुजार ही संस्थाच मुळी तलावांइतकी जुनी नव्हे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तल्यावर इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण केला, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांचे मालकीहक्क देऊन टाकले. पिढ्यान्पिढ्या ज्यांवर गावाचा वहिवाटीचा हक्क होता, ते तलाव अशा रीतीने एका लेखणीच्या फटकाऱ्यात एका माणसाच्या मालकीचे झाले. जुना पाटील आणि नवा मालगुजार बहुधा एकाच घरातला असल्यामुळे व्यवहारात फारसा बदल जाणवला नाही. गावाचे हक्क 'वाजिब-उल-अर्ज' आणि 'निस्तारपत्रक' या कागदांत नोंदले गेले. तथापि मालकीची कल्पना बदलली होती.

त्या काळाचे सोन्याने मढविलेले चित्र रंगविण्याचेही कारण नाही. मालगुजारीत वेठ होती, हुकूम होता, आणि पाळीवर माती टाकणाऱ्या प्रत्येकाला पाण्याचा सारखाच वाटा मिळत होता असे नाही. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने १९५० चा मालकीहक्क निर्मूलन कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. गोंदिया त्याचाच भाग. तो वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. कायद्याने मालगुजाराचे हक्क काढून घेतले. त्याबरोबर तलाव शासनाकडे जाऊ लागले. ज्याच्याकडून घेतले तो मालगुजार. ज्याच्याकडे गेले ते शासन. ज्या गावाने ते सांभाळले ते मध्येच राहून गेले.

येथून घसरण सुरू झाली, आणि ती कोणा एका अधिकाऱ्याच्या चुकीने झाली नाही, व्यवस्थेने झाली. पुढे शंभर हेक्टरपर्यंत ओलित करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. मासेमारीचा ठेका वेगळ्या खात्याचा विषय. कडेची जमीन महसुलाची. वनातला तलाव वनखात्याचा. एका पाळीवर चार कार्यालये बसली. पाळीला भगदाड पडले तर पूर्वी रात्रीतून डफडे वाजे आणि सारा गाव टोपल्या घेऊन धावे. आता अर्ज होऊ लागला. अर्जावरून अंदाजपत्रक, अंदाजपत्रकावरून मंजुरी, मंजुरीवरून निविदा; आणि निविदा निघेपर्यंत पुढचा पावसाळा आलेला. पाणीपट्टीचाही वाद उभा राहिला. शेतकरी म्हणे, हे पाणी आमच्या आजा-पणजांच्या हक्काचे, त्याला पट्टी कसली? खाते म्हणे, तलाव आता शासनाचा. दोघेही आपापल्या कागदाप्रमाणे खरेच बोलत होते. परिणाम एकच झाला : शेतकऱ्याने पट्टी भरायचे टाळले आणि माती टाकायचेही सोडले.

पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव नोंदलेले आहेत. त्यांपैकी चौदाशेच्या वर एकट्या गोंदिया जिल्ह्यात. यांतल्या कितीतरी तलावांत आज गाळ भरला आहे, कडेला बेशरमाचे रान माजले आहे, आणि पाणी उतरले की तळात अतिक्रमणाच्या बांध्या दिसू लागतात. अतिक्रमण करणाराही पुष्कळदा भूमिहीनच असतो. त्याला नुसते शिव्या देऊन प्रश्न सुटत नाही.

मधल्या काळात मोठे प्रकल्पही झाले, हे मान्य केले पाहिजे. गाढवी नदीवर इटियाडोह, बाघ प्रकल्पात सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार. त्यांनी हजारो एकरांना पाणी दिले, उन्हाळी धान शक्य केले. इटियाडोहजवळच गोठणगाव परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिमालयापलीकडून आलेली ती माणसे येथे धान पिकवतात आणि हिवाळ्यात शहराशहरांतून स्वेटर विकतात. एका पिकावर भागत नाही, जोडीला दुसरा हात चालवावा लागतो, हे डोंगरी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही! परंतु धरणाचा कालवा सपाट जमिनीवर जातो. टेकडीच्या कुशीतल्या शंभर घरांच्या टोल्यावर पोचत नाही. तेथे बोडी आणि तलाव यांनाच पर्याय नाही.

गोंदियाला 'धानाचे कोठार' म्हणतात. शहरात भातगिरण्यांची रांग आहे. धान विकताना शेतकऱ्याला आधार आहे तो हमीभावाच्या खरेदीचा. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर खरेदी होते. साधारण धानाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरला. शासनाने काही वर्षे हेक्टरी प्रोत्साहन रक्कमही दिली. हे सारे हवेच आहे. मात्र याचा हिशेब थोडा खोलात जाऊन पाहावा. शासनाच्या नियमाप्रमाणे शंभर किलो धानापासून ६७ किलो तांदूळ गिरणीने परत द्यायचा असतो. उरतो तो कोंडा, तूस आणि कणी. कोंड्यातून तेल निघते, तुसावर बाष्पके चालतात, कणीला वेगळे गिऱ्हाईक आहे. यातली एकही मिळकत पिकविणाऱ्याच्या गावात थांबत नाही. शेतकरी धान विकून मोकळा होतो आणि पुढच्या आषाढात युरियाच्या रांगेत उभा राहतो. पूर्वी ज्या शेतात गाळ पडत असे, त्याच शेतात आता विकतचे खत पडते. तलावातला गाळ तेथेच साठून पाण्याची जागा खातो आणि शेत खताला मोताद होते, म्हणजे नुकसान दोन्हीकडून. या जिल्ह्याच्या अर्थकारणाची इतकी नेमकी विसंगती दुसरी सापडणार नाही.

जंगलाचे तसेच आहे. गोंदिया हे नावच गोंद म्हणजे डिंक या व्यापारावरून पडले, असे अनेक जण सांगतात. डिंक, लाख, मोहफूल, चारोळी, हिरडा यांची उलाढाल येथल्या बाजारात होत असे. नंतर बिडीचे युग आले. घराघरांतून सूप मांडीवर घेऊन बायका बिड्या वळू लागल्या. त्या व्यवसायाच्या भरभराटीतून जिल्ह्यात शिक्षणसंस्थाही उभ्या राहिल्या. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी स्थापन केलेली गोंदिया शिक्षण संस्था हे त्याचे ठळक उदाहरण. बिडी आता ओसरली आहे, आणि आरोग्याचा विचार केला तर त्याबद्दल फार अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया नोंदविणाऱ्या या जिल्ह्यात स्त्रीच्या हाताला घरबसल्या मिळणारे ते काम गेले, त्याची जागा कशाने भरली? काही अंशी बचत गटांनी. फार मोठ्या अंशी कशानेच नाही.

तेंदूपत्त्याची गोष्ट मात्र वेगळी आणि बोलकी आहे. सत्तर पानांचा एक पुडा. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे जंगलात जायचे, दुपारी अंगणात बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर न्यायचे. १९६९ च्या कायद्याने हा व्यापार शासनाच्या ताब्यात गेला आणि दर ठेकेदार व खाते यांच्यात ठरू लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर देवरी आणि आसपासच्या भागातील ग्रामसभांनी एकत्र येऊन पाने स्वतः विकण्यास सुरुवात केली. लिलाव कसा करायचा, हिशेब कसा ठेवायचा, बँकेत खाते कोणाच्या नावे, हे सारे त्या गावांनी शिकून घेतले. सगळी वर्षे चांगली गेली असे नाही. भाव पडला तेव्हा व्यापारीही फिरकले नाहीत. परंतु स्वामित्वशुल्क ग्रामसभेच्या खात्यात आले, आणि त्याबरोबर जंगलाला वणवा लागू न देण्याची काळजीही गावाकडे आली. जो लाभ घेतो त्याने राखायचे, हा जुन्या तलावाचाच करार. जंगलात तो परत आला. तलावात अजून आलेला नाही.

येथे कायद्याचा एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण त्याच्या अज्ञानामुळे पुष्कळ भाषणे वाया जातात. लगतच्या गडचिरोलीत अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे पेसा कायदा लागू आहे. गौण जलसाठ्यांच्या व्यवस्थापनात तेथे ग्रामसभेला शब्द आहे. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरीसारखे तालुके वनवासीबहुल असूनही अनुसूचित क्षेत्रात मोडत नाहीत. कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज लोटतो, ते स्थान याच सालेकसा तालुक्यात; पण पेसाची रेषा त्याच्या अलीकडेच थांबते. मग गावांच्या हाती काय राहते? वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतील मासे आणि इतर उत्पन्नावरील सामुदायिक हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. जंगलातील वा जंगलालगतच्या तलावांसाठी दावा करताना बहुतेक गावे मोहफूल आणि तेंदू लिहितात, पाण्याचा रकाना मोकळा सोडतात. तो रकाना मोकळा राहता कामा नये.

पाण्यातल्या धनाची आणखी एक बाजू आहे. शासनाने आणि सोसायट्यांनी तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडायला प्रारंभ केला तेव्हा उत्पन्न वाढेल अशी अपेक्षा होती. काही मोठ्या तलावांत ते वाढलेही. पण उथळ, गवताळ मामा तलावांतले मरळ, शिंगी, मागूर यांसारखे देशी मासे विरळ झाले. आणि घरच्या ताटात पडणारा मासा तोच होता. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला, विशेषतः त्यातील महिलांना, बरोबर घेऊन जे काम केले ते या दृष्टीने मोलाचे आहे. बेशरम उपटून काढायचा, पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावायच्या, माशांना अंडी घालायला जागा ठेवायची. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा राहतो हे सांगणारे ज्ञान त्या बायकांपाशीच होते. विचारणारे कोणी नव्हते. सारस पक्ष्याचेही तेच. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात, तोही मोजकाच. त्याच्या संरक्षणासाठी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. सारस अभयारण्यात राहत नाही. तो शेतकऱ्याच्या बांधीत घरटे करतो आणि बोडीवर चरतो. बोडी बुजली की तो जातो.

आता विजेचा हिशेब. हिमाचलने आपल्या नद्यांवरील मोठ्या जलविद्युत प्रकल्पांतून १२ टक्के मोफत विजेचा वाटा मिळविण्याचे धोरण रूढ केले. त्या राज्याच्या तिजोरीचा तो मोठा आधार ठरला. तिरोड्याला ६६० मेगावॉटचे पाच संच, म्हणजे ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प २०१२ ते २०१४ या काळात उभा राहिला. पाणी वैनगंगेचे, राख जिल्ह्याची, वीज साऱ्या राज्याची. औष्णिक आणि जलविद्युत यांची सरसकट तुलना करणे योग्य नव्हे, आणि राज्याला वीज हवी हेही खरे. परंतु राज्य असलेला डोंगर आपला वाटा मागू शकतो, जिल्हा असलेला डोंगर मागू शकत नाही, हे येथे लख्ख दिसते. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजला, १९९४ मध्ये विकास मंडळे आली, त्यांची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. अनुशेषाच्या त्या साऱ्या मोजणीत हेक्टर मोजले गेले, दुरुस्त न झालेल्या पाळी कोणी मोजल्या नाहीत.

अलीकडे शासनाची दृष्टी वळली आहे, याची नोंद घेतली पाहिजे. २०१६ मध्ये मामा तलावांच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम हाती घेतला गेला, २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. गाळ शेतात नेण्याची जुनी रीत शासकीय आदेशाच्या भाषेत परत आली, हे चांगलेच झाले. उणीव एवढीच की, यंत्र येते, एका उन्हाळ्यात तळ खरवडते आणि निघून जाते. ठेकेदाराचे देयक घनमीटरवर निघते, त्यामुळे खोदाई जेथे सोपी तेथे होते. पाण्याच्या उताराचा, तुडुमाच्या पातळीचा विचार मागे पडतो. तुडुमापेक्षा खोल गेलेल्या खड्ड्यातले पाणी शेताला मिळत नाही, हे गावच्या कोणत्याही म्हाताऱ्याने सांगितले असते. त्याला विचारण्याचा रकाना अंदाजपत्रकात नसतो.

गावाने मात्र सर्व भार शासनावर टाकून मोकळे होऊ नये. ज्या गावात दिवाळीनंतर मंडईसाठी वर्गणी गोळा होते, झाडीपट्टीच्या नाटकासाठी रात्रभर मांडव भरतो, त्या गावाला पाळीसाठी एकत्र येता येत नाही असे कोण म्हणेल? आड येते ते दुसरेच. तलाव आपला नाही, अशी समजूत तीन पिढ्यांत रुजली आहे. ती समजूत पूर्णपणे खरी नाही, आणि त्याचा पुरावा गावाच्याच नोंदींत आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्ही नोंदी जुन्या मध्य प्रांतातील जिल्ह्यांसाठी कायम ठेवल्या आहेत. गुरे कोठे चरतील, पाण्याची वाट कोठून, मासे कोण धरील यांविषयीची गावाची रूढी त्यांत उतरवलेली असते. बहुतेक सरपंचांनी हे कागद पाहिलेलेही नाहीत.

ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. अर्ज केला की नक्कल मिळते. हे काम हिवाळ्यातच उरकले पाहिजे. कारण होळीनंतर तलावाचा तळ उघडा पडायला लागतो, आणि तेंदूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी पाळीवर माती टाकायला हात मोकळे असतात ते जेमतेम महिना-सव्वा महिना.